बुजुर्ग पियानिस्टला लाइव्ह कसं ऐकायचं, आणि ऐकलेलं कसं जपून ठेवायचं

पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या पियानिस्टचा कार्यक्रम जाहीर झाला की "पुढच्या वेळी बघू" म्हणायचं नाही. हा पहिला नियम आणि तो मी फार वाईट पद्धतीने शिकले. तिकीट हातात होतं, दिवसभराच्या कामाने थकले होते, बाहेर पाऊस होता, म्हटलं पुढच्या वर्षी येतीलच की परत. नाही आले. त्या संध्याकाळी हॉलमध्ये काय वाजलं ते मी इतरांकडून ऐकत राहिले आणि अजूनही त्या कार्यक्रमाचा विषय निघाला की पोटात खड्डा पडतो.

लोक म्हणतात, अहो पियानिस्ट लोक खूप वर्षं वाजवतात, काय घाई आहे. खरंय, काही वाजवतात. मिएचिस्लाव होर्शोव्स्की १८९२ सालचे, त्यांचा शेवटचा कार्यक्रम १९९१ मध्ये फिलाडेल्फियाला झाला, म्हणजे ९९ व्या वर्षी. मेनाहेम प्रेस्लर यांनी बोझार ट्रिओमध्ये, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांच्या ग्रुपमध्ये, ५० हून जास्त वर्षं काढली, तो ग्रुप २००८ मध्ये थांबल्यावर एकट्याने वाजवायला लागले आणि नव्वदीत बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा वाजवलं. पण याच्या उलटही होतं ना. आल्फ्रेड ब्रेंडल यांनी ७७ व्या वर्षी, हात चांगला चालत असताना, आधी सांगून थांबायचं ठरवलं आणि डिसेंबर २००८ मध्ये व्हिएन्नात मोझार्टचा एक कॉन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना, वाजवून खरंच थांबले. राडू लुपू २०१९ मध्ये थांबले आणि २०२२ मध्ये गेले. म्हणून आज जो कार्यक्रम जाहीर झालाय तोच आपला, असं धरून चालायचं.

आता तिकिटाचं. या वयात कार्यक्रम रद्द होणं अगदी नॉर्मल आहे, त्यामुळे तिकीट काढताना पैसे परत मिळायचे नियम वाचा, आणि लांबून जाणार असाल तर बदलता येईल असंच बुकिंग करा. आपल्याला हवा तो वादक कुठल्या प्रकारात वाजवतो हेही आधी बघून घ्या, नाहीतर उगाच वर्षानुवर्षं वाट बघत बसाल. मार्था आर्गेरिच यांचं उदाहरण घ्या, १९८० च्या दशकापासून त्या स्टेजवर एकट्याने फारच क्वचित वाजवतात, त्यामुळे त्यांचा सोलो कार्यक्रम लागेल मग जाऊ असं म्हणण्यात अर्थ नाही, ऑर्केस्ट्राबरोबर किंवा दुसऱ्या कोणाबरोबर जोडीने वाजवत असतील तिथे जा. ग्रिगोरी सोकोलोव यांचं बरोबर उलटं, ते गेली कित्येक वर्षं ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतच नाहीत, फक्त सोलो, आणि एक कार्यक्रम बसवला की तोच गावोगाव वाजवतात, वर एन्कोर, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर टाळ्यांच्या आग्रहाने वाजवलेल्या जादा रचना, एकामागून एक देतात, पाच-सहा सुद्धा. त्यांच्याकडे जाताना परतीची गाडी अगदी उशिराची ठेवा, शेवटचे एन्कोर चालू असताना दाराकडे पळणारे लोक बघितलेत मी आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं.

कुठे बसायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पियानोचं झाकण प्रेक्षकांच्या बाजूला उघडतं आणि वादकाची उजवी कूस आपल्याकडे असते, म्हणजे पट्ट्या येतात आपल्या डाव्या हाताला. हात बघायचे असतील तर डावीकडे बसा, मधल्या रांगांमध्ये किंवा डाव्या बाजूच्या बाल्कनीत. चेहरा बघायचा असेल तर उजवीकडे. अगदी पहिल्या रांगेत आवाज डोक्यावरून निघून जातो आणि दिसतं काय तर पियानोचं पोट, पण एक गोष्ट तिथूनच नीट दिसते, पाय. पेडलवरचे पाय. उजवं पेडल दाबलं की सूर घुमत राहतात. बुजुर्ग वादकाचा उजवा पाय बघणं हा एक वेगळाच अभ्यास आहे, पेडल पूर्ण दाबलं-सोडलं असं ते क्वचितच करतात, अर्धं, पाव, नुसतं थरथरल्यासारखं काहीतरी चालू असतं आणि त्याने सगळा रंग बदलत असतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा डावीकडे बसा, आणि नशिबाने दुसऱ्यांदा योग आला तर उजवीकडे.

अर्थात बघायला काही मिळेलच असंही नाही. स्वियातोस्लाव रिख्तर साधारण १९८० पासून पुढे अंधाऱ्या हॉलमध्ये वाजवायचे, समोर नोटेशनचं पुस्तक, त्यावर एक छोटा दिवा, बस. लोकांनी चेहऱ्याकडे आणि हातवाऱ्यांकडे न बघता संगीत ऐकावं एवढीच त्यांची इच्छा.

जायच्या आधीची तयारी थोडीच करा पण नेमकी करा. सगळा कार्यक्रम पाठ करायला जाऊ नका, त्यातली एकच रचना निवडा आणि पंधरा दिवस तीच ऐका. आणि इथे माझा एक हट्ट आहे, ज्यांना ऐकायला जाताय त्यांचंच तरुणपणीचं रेकॉर्डिंग ऐकू नका. तिशीतला वेग कानात बसला की ऐंशीतली संध्याकाळ त्याच्याशी तुलना करण्यात वाया जाते, दोन तास नुसतं "इथे हळू झालं, इथे सुटलं" एवढंच चालतं डोक्यात. दुसऱ्या कोणाचं तरी ऐका. समजा शूबर्टचा शेवटचा पियानो सोनाटा (काही भागांची मोठी रचना) आहे, बी फ्लॅट मेजर मधला, बुजुर्गांच्या कार्यक्रमात तो बऱ्याचदा असतो. १८२८ च्या सप्टेंबरमध्ये लिहून झाला आणि नोव्हेंबरमध्ये शूबर्ट गेला, अवघा ३१ वर्षांचा होता. सुरुवातीला एक शांत चाल येते आणि ती एका जागी टेकते न टेकते तोच खाली खोलात, डाव्या हाताला, अगदी हलका ट्रिल (शेजारचे दोन सूर भरभर आलटून-पालटून) येतो, लांब कुठेतरी ढग गडगडल्यासारखा. एवढी एकच जागा ओळखायला शिका. मग हॉलमध्ये तुम्ही त्या जागेची वाट बघाल आणि तिथे हे म्हातारे गृहस्थ नेमकं काय करतात, ट्रिलनंतर किती थांबतात, ते तुम्हाला कळेल. एकदा असे थांबले होते एक जण की मला वाटलं पुढे वाजवणारच नाहीत. ती शांतता मला आजही आठवते, सोनाट्याचा बाकीचा बराचसा भाग विसरलेय.

रचनेचे भाग किती हे मात्र कार्यक्रमाच्या पत्रिकेत बघून ठेवा. बेथोवनचा शेवटचा पियानो सोनाटा, ओपस १११, दोनच भागांचा आहे, दुसरा भाग लांबलचक आणि शेवट अतिशय हळू, तिथे तिसऱ्या भागाची वाट बघत बसू नका आणि शेवटचा सूर विरायच्या आत टाळ्याही वाजवू नका. हात पट्ट्यांवरून उतरले, खांदे सैल झाले की मग.

फोन बंद, खोकल्याच्या गोळीचा कागद घरूनच काढून आणायचा. यावर जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहिती असतं.

हां, आणि स्टेजवरची एन्ट्री चुकवू नका, त्या वेळी पत्रिकेत डोकं घालून बसू नका. वय झालेल्या वादकाला दारापासून पियानोपर्यंत यायला वेळ लागतो, कोणी हात धरून आणतं, कोणी काठी घेऊन येतं, बरेच जण पियानोच्या कडेवर एक हात टेकवून मग वाकतात. ते बसेपर्यंत टाळ्या थांबवू नका, अर्ध्या वाटेत टाळ्या विरल्या तर त्या माणसाला उरलेलं अंतर शांततेत चालत जावं लागतं आणि ते मला बघवत नाही.

आता ऐकण्याबद्दल, कारण खरं सगळं इथेच आहे. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो. हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते, त्यानंतर वादकाला तो सूर ना वाढवता येतो ना फुगवता येतो, फार तर कधी तोडायचा ते ठरवता येतं. मग सलग गातोय असं वाटतं ते कशामुळे? तर आधीचा सूर विरत विरत जिथे येऊन पोचलाय बरोबर तेवढ्याच ताकदीने पुढचा सूर ठेवला जातो म्हणून. हे करायला वेग लागत नाही, जोर लागत नाही, लागतो तो कान, आणि तो कान साठ-सत्तर वर्षं वाजवून तयार झालेला असतो. म्हणून बुजुर्गांकडे जाताना वेगवान जागांची वाट बघू नका, हळू जागांची वाट बघा. एका सुरातून दुसरा सूर कसा निघतो ते ऐका. चार-पाच सुरांचा झुपका एकदम वाजतो त्यात कुठला एक सूर किंचित वर काढलाय ते ऐका, कधी कधी सगळ्यात वरचा नाही तर मधलाच कुठलातरी सूर पुढे येतो आणि आपल्याला वाटतं अरे हा इथे होता होय! आणि डावा हात ऐका, सगळे उजवा ऐकतात.

एका वेळी एकच गोष्ट ऐकायला घ्या. पहिल्या रचनेत डावा हात, दुसरीत नुसतं सगळ्यात हळू वाजलेलं, तिसरीत डोळे मिटून. सगळं एकदम पकडायला गेलं की काहीच हाती लागत नाही, हे मी बरेच कार्यक्रम घालवून सांगतेय.

वेग कमी होतो त्याचं काय, असं विचाराल तर आर्थर रुबिनस्टाइन यांचं उत्तर मला फार आवडतं. ऐंशीच्या वयात मुलाखतीत त्यांना विचारलं की अजून इतकं चांगलं कसं वाजवता, तर त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं की कमी रचना वाजवतो, त्यांचा रियाज जास्त करतो, आणि वेगाची जागा यायच्या आधी मुद्दाम थोडा हळू होतो म्हणजे पुढचा वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. हे एकदा कळलं की ऐकण्याची मजाच बदलते. कुठे हात आखडता घेतलाय, कशासाठी राखून ठेवलंय, ते शोधायला लागतो आपण. रुबिनस्टाइन यांची शेवटची मैफल १९७६ च्या मे महिन्यात लंडनच्या विगमोर हॉलमध्ये झाली, वय ८९, आणि नजर इतकी गेलेली की सरळ समोरचं दिसत नव्हतं.

कधी कधी फसतं सुद्धा, त्याची तयारी ठेवा. मी एकदा समोर बसून ते बघितलंय. नाव सांगणार नाही, त्या संध्याकाळीवरून त्यांना कोणी ओळखावं असं मला वाटत नाही. फ्यूग चालू होता, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते तशी रचना, तीन आवाज एकमेकांत गुंतलेले, आणि एकदम वाट हरवली. उजवा हात पुढे गेला, डावा मागेच राहिला, मग दोन्ही थांबले. हात मांडीवर. हॉलमध्ये कोणीतरी "आई गं" म्हणावं तसा श्वास घेतला आणि तो श्वास स्टेजपर्यंत पोचला हे मला त्यांच्या मानेवरून दिसलं. मग त्यांनी मागच्या एका जागेपासून परत सुरू केलं आणि शेवटपर्यंत नेलं. अशा वेळी काय करायचं, तर काहीही करायचं नाही. शेजारच्याकडे बघायचं नाही, हळहळायचं नाही, धीर द्यायला म्हणून मध्येच टाळ्या तर अजिबात नाही. शांत बसायचं आणि आपण ऐकतोय हे त्यांना जाणवू द्यायचं. व्लादिमिर होरोवित्झ १९६५ मध्ये १२ वर्षांनी परत स्टेजवर आले, कार्नेगी हॉलमध्ये, तर सुरुवातीलाच चुकीचे सूर लागले. संध्याकाळ तिथे संपली नाही. १९८३ मध्ये त्यांचे जपानमधले कार्यक्रम फसले, लोकांना वाटलं आता झालं यांचं. तीन वर्षांनी, एप्रिल १९८६ मध्ये, ६१ वर्षांनंतर मायदेशी परत गेले, स्वतःचा पियानो बरोबर घेऊन, आणि मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या मोठ्या हॉलमध्ये ८२ व्या वर्षी जे वाजवलं त्याचं चित्रीकरण आहे, त्यात लोकांच्या गालावरून पाणी वाहताना दिसतं. त्यामुळे एका फसलेल्या संध्याकाळीवरून बुजुर्ग माणसाचा हिशोब लावू नका.

समोर नोटेशन ठेवून वाजवलं तर नाक मुरडणारे लोक असतात, त्यांचं ऐकू नका. रिख्तर यांना उतारवयात सूर आहेत त्यापेक्षा वरचे ऐकू यायला लागले होते, म्हणजे बोट एका सुरावर आणि कानात दुसराच. विचार करा, आयुष्यभर ज्या कानावर विसंबलात तोच कान असा फिरला तर पाठांतर कशाच्या आधारावर टिकेल? तरी ते १९९५ पर्यंत वाजवत राहिले. तेव्हा पुस्तक आहे की नाही हे बघण्यात वेळ घालवू नका.

जॅझ ऐकणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथे एकेका वादकाचा सोलो, म्हणजे त्याची एकट्याची पाळी, संपल्यावर मध्येच टाळ्या चालतात, उलट वाजवाव्यातच. दोन सेट, म्हणजे मध्यंतराच्या आधीचा आणि नंतरचा भाग, असतील तर माझा अनुभव असा की बुजुर्ग माणूस दुसऱ्या सेटमध्ये जास्त मोकळा होतो, त्यामुळे पहिलाच ऐकून निघू नका. ऑस्कर पीटरसन यांना १९९३ मध्ये स्ट्रोक आला आणि डावा हात कमजोर झाला, तरी ते परत वाजवायला आले, उजव्या हातावर जास्त भिस्त ठेवून. अशा वादकाकडे पूर्वीचं मागू नये, आज काय देताहेत त्याकडे लक्ष द्यावं.

एन्कोर हा भाग बहुतेक लोक नीट ऐकत नाहीत, कोट-पिशव्या गोळा करत असतात. मी म्हणेन एन्कोरसाठीच जागे राहा. मोठं सगळं वाजवून झालेलं असतं, सिद्ध करायचं काही उरलेलं नसतं, आणि बरेच बुजुर्ग तिथे एखादी सोपी, छोटी रचना काढतात. होरोवित्झ यांनी मॉस्कोत शूमानची ट्रॉयमेराय वाजवली, जेमतेम तीन मिनिटांची, पियानो शिकणारी मुलंही ती वाजवतात. सोपी रचना आहे म्हणूनच त्यात लपायला जागा नसते. एन्कोर पत्रिकेत छापलेले नसतात, तेव्हा तिथल्या तिथे पेन्सिलने लिहून घ्या. नाव माहीत नसेल तर "हळू, तीनचा ठेका, मध्ये एकदा चिडल्यासारखं" असं काहीही लिहा, नंतर शोधता येतं. नाहीतर दारावरच्या माणसाला विचारा, त्यांना बऱ्याचदा माहिती असते.

आणि मग घरी गेल्यावर लिहायचं. त्याच रात्री, झोपायच्या आधी, वीस मिनिटं. यावर मी अडून बसणार आहे कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालंय. परत येताना गाडीत त्यांचं रेकॉर्डिंग लावू नका, लोकांची मतं वाचू नका, आधी स्वतःचं लिहा. रेकॉर्डिंग ऐकलं की दोन दिवसांत डोक्यातला हॉलमधला आवाज पुसला जातो आणि त्या जागी रेकॉर्डिंगचा आवाज येऊन बसतो, आणि आपल्याला कळतही नाही. महिनाभराने खुशाल ऐका.

काय लिहायचं? माझ्या सुरुवातीच्या वहीत एका फार मोठ्या संध्याकाळीबद्दल एवढंच आहे, "अप्रतिम, शब्द नाहीत". आज ते वाचून मला काही म्हणजे काही आठवत नाही. त्याच वहीत दुसऱ्या एका रात्रीचं असं आहे, "डावीकडून सहावी खुर्ची. बाईंनी बसल्यावर स्टूल तीनदा वरखाली केलं. दुसऱ्या भागात इतकं हळू की शेजारच्यांचा श्वास पियानोपेक्षा मोठा वाटला. तिसऱ्यात मला कंटाळा आला." हे वाचलं की मी परत त्या खुर्चीत जाऊन बसते. तेव्हा विशेषणं नकोत, कुठे बसला होतात, हातांचं काय दिसलं, कुठल्या जागी दचकलात, कुठे कंटाळलात, असं लिहा. कंटाळलात तेही प्रामाणिकपणे लिहा, थोर माणूस आहे म्हणून खोटं लिहू नका, कारण दहा वर्षांनी त्याच कंटाळ्याच्या जागेचा अर्थ लागू शकतो, माझ्या बाबतीत लागलाय. तिकिटाचा लगेच फोटो काढा, हल्लीच्या त्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही वर्षांत उडून कोरा कागद राहतो.

जुन्या आठवणी असतील, किंवा घरात-ओळखीत कोणी रुबिनस्टाइन, रिख्तर यांना प्रत्यक्ष ऐकलेलं असेल, तर त्यांच्याकडूनही लिहून घ्या, आणि लवकर घ्या. "कसं होतं?" असं विचारू नका, "फार सुंदर होतं" एवढंच उत्तर येतं. "कुठे बसला होतात, बरोबर कोण होतं, कपडे कोणते होते, परत कसे आलात" असं विचारत जा, आणि परतीच्या प्रवासाचं सांगता सांगता अचानक एखादा सूर, एखादा हात आठवतो त्यांना. मग तारीख पडताळून बघा. कार्नेगी हॉलचा जुन्या कार्यक्रमांचा इतिहास ऑनलाइन शोधता येतो, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या पत्रिका तर १८४२ पासूनच्या आहेत. पडताळताना धक्के बसतात हं. मला छातीठोक आठवत होतं की एका मैफलीत शोपँचं एक नॉक्टर्न (रात्रीच्या शांत भावाची छोटी रचना) ऐकलं, पत्रिका सापडली तर त्या संध्याकाळी शोपँ नव्हताच. एन्कोर असेल, किंवा दुसऱ्याच दिवशीचं असेल. मी ती आठवण खोडली नाही, खाली वेगळ्या शाईने पत्रिकेतलं लिहून ठेवलं, दोन्ही राहू दे.

शेवटचं एक, जमलं तर एखाद्या लहान मुलाला बरोबर न्या, दहा-बारा वर्षांचं चालेल, डाव्या बाजूला बसवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त "काय दिसलं?" विचारा आणि ते जे सांगेल ते तुमच्या पानाखाली लिहा. माझ्या भाचीने सांगितलं, "त्या आजोबांनी वाजवून झाल्यावर पण शेवटचं बोट उचललंच नाही, आवाज संपला तरी." मी तिच्या शेजारीच बसले होते आणि मला ते दिसलं नव्हतं.